बोलणं मागे आहे, मग बुद्धी कशानं मोजायची?

पत्र असं आहे:

"माझा मुलगा सात वर्षांचा आहे. बोलायला उशिरा लागला, अडीच वर्षांचा झाल्यावर पहिला शब्द आला. अजूनही वाक्यं तुटक असतात. गोष्ट सांगायला लागला की मधेच अडतो आणि हातानं दाखवतो. दोन-तीन सूचना एकदम दिल्या की गोंधळतो. पण शंभर तुकड्यांचं जिगसॉ एकटा लावतो, खेळणी उघडून पुन्हा जोडतो, एकदा पाहिलेला रस्ता विसरत नाही. शाळेनं बुद्ध्यांक काढून आणायला सांगितलं. विस्क-5 ही चाचणी झाली. एकूण बुद्ध्यांक 78, 'सीमारेषेवर' असं लिहिलंय. खाली शाब्दिक आकलन 65, दृश्य-अवकाशीय 100, तर्क 97, कार्यकारी स्मृती 79, गती 83. शाळा म्हणते, याला नेहमीचा अभ्यास झेपणार नाही. दुसऱ्या एका मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं, बोलावं न लागणारी चाचणी करता येते. यावर माझे मिस्टर म्हणाले, 'मनासारखा आकडा येईपर्यंत चाचण्याच करत बसायचं का?' मलाही कळेना. कोणती चाचणी योग्य? आणि त्याला काय सांगून न्यायचं? मागच्या वेळी परत येताना 'मी चुकलो?' असं विचारत होता."
एक आई

ताई,

तुमच्या मिस्टरांची शंका आधी घेते, कारण ती रास्त आहे. आकडा आवडला नाही म्हणून चाचणी बदलायची, तोही आवडला नाही की तिसरी गाठायची, हे चुकीचंच. त्यात मूल दमतं आणि हाती काही लागत नाही. पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. झालेल्या चाचणीत त्याची विचार करण्याची ताकद किती मोजली गेली आणि भाषेतलं अडखळणं किती, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे. ते जाणून घ्यायलाच हवं. फक्त एक पथ्य पाळा. दुसरी चाचणी केलीच, तर ती कोणती आणि का, हे आकडा कळण्याआधी ठरवा, मग जे येईल ते मान्य करा. पहिला रिपोर्ट लपवू नका. दोन्ही शेजारी ठेवले तरच अर्थ लागतो.

आता हातातला रिपोर्ट पाहू. शाळेनं 78 वाचलं आणि तिथेच थांबली. या चाचण्यांत सरासरी 100 धरलेली असते आणि साधारण दोन तृतीयांश मुलं 85 ते 115 च्या मध्ये येतात. तुमच्या मुलाचे 100 आणि 97 म्हणजे तो आपल्या वयाच्या मुलांच्या अगदी मधोमध आहे. शाब्दिक आकलनाचे 65 म्हणजे शंभरातली जवळजवळ सगळीच मुलं त्याच्या पुढे. एकाच मुलाच्या दोन क्षमतांत 35 गुणांची दरी असताना सगळ्यांचा मिळून एक आकडा काढला, तर तो त्याच्या कुठल्याच बाजूबद्दल खरं सांगत नाही. अशा वेळी एकूण बुद्ध्यांकावर भर देऊ नये, हे चाचणी घेणाऱ्यांना शिकवलेलं असतं. चांगल्या रिपोर्टमध्ये तसं वाक्य लिहिलेलंही असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ते आहे का, पाहा. नसेल तर लिहून मागा.

हे 78 कुठून आले तेही समजून घ्या. विस्क-5 म्हणजे वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिचाचणीची पाचवी आवृत्ती. तिचा एकूण बुद्ध्यांक सात उपचाचण्यांतून निघतो. त्यातल्या दोन सरळ भाषेच्या आहेत, शब्दांचे अर्थ सांगण्याची आणि दोन गोष्टींतलं साम्य सांगण्याची. तिसरी अंक ऐकून म्हणून दाखवण्याची. ती स्मृतीची म्हणून गणली जाते, पण कानावर पडलेलं डोक्यात धरून ठेवणं हीच भाषेची अडचण असलेल्या बऱ्याच मुलांची दुखरी जागा असते. म्हणजे सातपैकी तीन ठिकाणी एकाच अडचणीनं गुण कापले.

साम्याच्या प्रश्नाचं एक उदाहरण देते. उदाहरण माझं आहे, खऱ्या चाचणीतले प्रश्न असे छापायचे नसतात. समजा विचारलं, "बस आणि सायकल, यांत सारखं काय?" 'दोन्ही वाहनं आहेत' म्हटलं की पूर्ण गुण. 'दोन्हींना चाकं असतात' म्हटलं की त्याहून कमी. तुमचा मुलगा कदाचित बोट गोल गोल फिरवेल, "जातो... रस्ता..." म्हणेल आणि थांबेल. त्याला चाकं दिसलेली असतात, दोन्ही कशासाठी असतात तेही ठाऊक असतं. शब्द तेवढा हाताशी येत नाही. परीक्षकानं कितीही आपुलकीनं वाट पाहिली तरी नियमानं तिथे शून्य पडू शकतं. त्यात परीक्षकाचा दोष नाही, ती उपचाचणी शब्दांत मांडलेला विचार मोजण्यासाठीच बनवलेली आहे.

म्हणून पहिली पायरी नवी चाचणी नाहीच. ज्यांनी विस्क-5 घेतली त्यांच्याकडे जा आणि त्याच गुणांवरून अशाब्दिक निर्देशांक, म्हणजे बोलावं न लागणाऱ्या उपचाचण्यांचा वेगळा आकडा, काढून द्यायला सांगा. या आवृत्तीत ती सोय आहे. त्याला सहा उपचाचण्या लागतात आणि त्यांपैकी एकीतही मुलाला तोंडानं उत्तर द्यावं लागत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये शाब्दिक आकलनापासून गतीपर्यंत पाचही निर्देशांक आलेले आहेत, म्हणजे लागणाऱ्या सहाही उपचाचण्या झालेल्या असणार. मुलाला पुन्हा बसवावं लागणार नाही, तक्त्यातून आकडा काढायचा आहे. ही गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण अर्ध्या तासाच्या कामानं पुढचे कितीतरी महिने वाचू शकतात.

तेवढ्यानं भागेल का? कदाचित. पण तुम्ही लिहिलंय की दोन-तीन सूचना एकदम दिल्या की तो गोंधळतो. तिथे मला थांबावंसं वाटतं. बुद्धिचाचणीत भाषा तीन ठिकाणी आडवी येते. काय करायचं हे समजून घेताना, उत्तर देताना, आणि सोडवताना मनातल्या मनात बोलण्यात. विस्कच्या अशाब्दिक निर्देशांकात उत्तराची अडचण दूर होते, पण सूचना मात्र बोलूनच दिल्या जातात, काही तर बऱ्यापैकी लांब असतात. ज्या मुलाला समजतं छान पण बोलता येत नाही, त्याला ही सोय पुरते. ज्याला समजायलाही जड जातं, त्याचं सूचनेतच निम्मं निसटतं आणि नापास होतं ते कोडं. म्हणून स्पीच थेरपिस्टकडून आकलन आणि अभिव्यक्ती यांची वेगवेगळी तपासणी करून घ्या. कोणती बुद्धिचाचणी निवडायची, हे त्या अहवालावरून ठरवावं. प्रत्यक्षात हा क्रम नेहमी उलटा होतो, आधी बुद्ध्यांक आणि मग भाषा.

आणि त्याहीआधी कानांची तपासणी. टीव्हीचा आवाज ऐकू येतो, हाक मारली की वळतो, एवढ्यावर जाऊ नका. कानात सतत पाणी होणाऱ्या मुलांना कधी नीट ऐकू येतं, कधी नाही, आणि घरच्यांना ते दुर्लक्ष वाटतं. ऑडिओमेट्री झालेली नसेल तर या आठवड्यात करा.

समजण्यातही अडचण निघाली, तर मग खास अशा मुलांसाठी बनवलेल्या चाचण्या आहेत. या नव्या नाहीत. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंडवर उतरणाऱ्या स्थलांतरितांना इंग्रजी येत नाही म्हणून मंदबुद्धी ठरवलं जाऊ नये, यासाठी तिथले डॉक्टर हॉवर्ड नॉक्स 1914 च्या सुमारास लाकडी ठोकळे आणि कोडी वापरत होते. रसेल लायटरनं आपली शब्दाविना चाचणी 1929 मध्ये तयार केली. नेदरलँड्समध्ये नान स्नायडर्स-ओमेन यांनी 1943 मध्ये कर्णबधिर मुलांसाठी स्वतंत्र चाचणी आणली. शंभर वर्षं हा प्रश्न लोकांना ठाऊक आहे, त्यामुळे "आमच्याकडे एकच चाचणी असते" हे उत्तर पुरेसं मानू नका.

लायटरची सध्याची आवृत्ती लायटर-3, तीन वर्षांपासून पुढच्या सगळ्यांसाठी. ती चालते कशी, ते सांगते म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे येईल. परीक्षक बोलत नाही. समोर चित्रांची घडीची वही उभी असते आणि तुकडे ठेवायला खाचा असतात. परीक्षक चित्राकडे बोट करतो, मुलापुढच्या तुकड्यांवरून हात फिरवतो, एक तुकडा उचलून खाचेत ठेवतो, नकारार्थी मान हलवतो, दुसरा ठेवतो, होकारार्थी मान हलवतो. मग तळहात मुलाकडे करतो, आता तू. सुरुवातीचे नमुने सोपे असतात, त्यातून खेळ कळतो. ज्या मुलांना एरवी प्रत्येक वाक्याला ताण येतो, ती इथे खांदे सैल सोडून बसतात. सुरुवातीच्या काही मिनिटांतच हा बदल दिसतो आणि तो रिपोर्टमध्ये नोंदवण्यासारखा असतो.

असंच काम युनिट-2 करते, तीही ठरलेल्या हातवाऱ्यांनी, साधारण पाच वर्षांपासून पुढे. वेक्सलरची एक वेगळी अशाब्दिक चाचणी आहे, तिच्यात सूचना चित्रांच्या पट्टीतून दिल्या जातात. कॉफमन यांच्या केएबीसी-2 मध्येही अशाब्दिक गट आहे. यांपैकी कोणती घ्यावी? तुमच्या मुलाच्या वर्णनावरून मी लायटर-3 किंवा युनिट-2 म्हणेन, यांपैकी जी घेणारी अनुभवी व्यक्ती तुम्हाला मिळेल ती. अनुभवी हा शब्द मी मुद्दाम वापरते. हातवारे करून चाचणी घेणं हे कौशल्य आहे. नवखा परीक्षक मधेच बोलून जातो, किंवा उत्तराकडे डोळे वळवतो, आणि मुलं डोळे फार लवकर वाचतात.

रेव्हनचं नाव तुम्ही ऐकलं असेल, रंगीत आकृत्यांची पुस्तिका, 36 कोडी, प्रत्येकात एक तुकडा गहाळ. ती सगळीकडे सहज मिळते, चटकन होते आणि सूचना अगदी थोड्या लागतात. पहिली चाळणी म्हणून मला ती आवडते. पण ती तर्काचा एकच प्रकार तपासते. फक्त तिच्यावरून "बुद्ध्यांक इतका" असं प्रमाणपत्र देणं मला पटत नाही, आकडा मोठा आला तरी नाही.

आणखी एक गोष्ट पक्की विचारा. चाचणीतली तुलना कोणत्या मुलांशी केली जाते, आणि ती घरच्या भाषेत झाली की शाळेच्या? घरी एक भाषा आणि चाचणी दुसरीत, असं असेल तर 65 मध्ये अडचणीचा वाटा किती आणि त्या भाषेच्या अपुऱ्या ओळखीचा किती, हे सांगताच येत नाही. काही वेळा परीक्षक चांगल्या भावनेनं जागच्या जागी भाषांतर करतात. तसं केलं की प्रश्न सोपा किंवा अवघड होतो आणि तक्त्यातल्या मुलांशी तुलना बाद होते. असे गुण 'वर्णनापुरते' म्हणून नोंदवावेत, निदानासाठी वापरू नयेत.

आता जरा दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. शब्दाविना चाचणीचा आकडा म्हणजे मुलाची 'खरी' बुद्धी आणि शाब्दिक आकडा खोटा, असं नाही. भाषेची अडचण असलेल्या मुलांचे अशाब्दिक गुणही सरासरीनं इतरांपेक्षा थोडे खाली असतात. याचं एक कारण असं असू शकतं की कोडं सोडवताना आपण मनात नावं देत असतो, 'लाल, मोठा, मग छोटा' असं. शिवाय शाळा चालते भाषेवर. गणिताचं शाब्दिक उदाहरणसुद्धा आधी वाचून समजावं लागतं. त्यामुळे उद्या लायटरवर समजा 98 आले, म्हणून वर्गात सगळं सुरळीत होईल, असं धरून चालू नका. ते 98 सांगतात की डोळ्यांनी दाखवलं तर तो समजतो. ते 65 सांगतात की नुसतं बोलून शिकवलं तर तो मागे पडणार आहे. शाळेपुढे दोन्ही वाक्यं एकत्र ठेवा.

शाळेशी बोलताना एक मुद्दा ठामपणे मांडा. बौद्धिक अक्षमता आहे की नाही, हे एकट्या बुद्ध्यांकावरून ठरवत नाहीत. त्यासाठी रोजच्या व्यवहारातली क्षमताही पाहावी लागते. स्वतःचं आवरणं, वस्तू जागेवर ठेवणं, धोका ओळखणं, इतर मुलांत मिसळणं. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी मार्गदर्शिकेत 2013 पासून तीव्रता तर या व्यवहारावरूनच ठरवतात, बुद्ध्यांकावरून नाही. पालकांची मुलाखत घेऊन हे मोजण्याची प्रमाणित साधनं आहेत, व्हाइनलँड हे त्यातलं परिचित नाव. ते करून घ्या. मात्र त्यातही संवादाचा एक भाग असतो, तो कमी येणारच. उरलेल्या भागांत तो कसा आहे, ते महत्त्वाचं. आणि कुठल्याही आकड्याभोवती पाच-सहा गुण इकडे-तिकडे होण्याची मुभा असते. रिपोर्टमध्ये तो पल्ला छापलेला असायला हवा.

तुमच्या मुलाचं निदान मी पत्रावरून करणार नाही. पण डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, म्हणजे भाषेच्या विकासातलीच अडचण, हे नाव तपासणाऱ्यांपुढे काढा. मोठ्या पाहण्यांत सुमारे सात टक्के मुलांत ही अडचण आढळलेली आहे, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात जवळपास दोन. ती दुर्मीळ नाही, फक्त ओळखली जात नाही. पूर्वी भाषेची मदत मिळायला अशाब्दिक बुद्ध्यांक भाषेपेक्षा बराच वर असावा, अशी अट घालत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप आणि अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी 2017 मध्ये एकमतानं मांडलेल्या भूमिकेत ती अट काढून टाकली. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की नव्या चाचणीत आकडा कमी आला तरी भाषेच्या मदतीवरचा त्याचा हक्क जात नाही. उद्या कोणी "बुद्ध्यांकच कमी आहे, स्पीच थेरपीचा काय उपयोग?" असं म्हणालं, तर ते मान्य करू नका.

त्याला काय सांगायचं? परीक्षा हा शब्द टाळा आणि 'खेळ आहे' असंही सांगू नका. मागच्या वेळी तो खेळ नव्हता हे त्याला कळलेलं आहे. छोटी वाक्यं, एका वेळी एक. "एक ताई भेटणार. चित्रं आहेत. ठोकळे आहेत. काही सोपं, काही खूप अवघड. अवघड येणारच. सगळ्यांना येतं." या चाचण्या मुलाला उत्तरं येईनाशी होईपर्यंत पुढे जातात, त्यामुळे प्रत्येक मूल शेवटी चुकतंच. हे त्याला आधी माहीत असेल, तर परत येताना तो प्रश्न त्याच्या मनात तेवढा टोचणार नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशी ती खोली दाखवून आणा. सकाळची वेळ घ्या, झोप आणि पोट दोन्ही भरलेली हवीत. गरज पडली तर दोन बैठका मागा, त्यात गैर काही नाही. घरी सराव करून घेऊ नका. इंटरनेटवर अशा कोड्यांचे नमुने मिळतात, ते दाखवलेत तर चाचणी वाया जाईल. तीच विस्क-5 लगेच पुन्हा करण्यातही अर्थ नाही. किमान वर्षभराचं अंतर हवं, नाहीतर आठवणीचे गुण वाढतात. वेगळी चाचणी मात्र लवकर करता येते.

भेट ठरवताना फोनवरच विचारून घ्या: सूचना बोलून देणार की हातवाऱ्यांनी? एकूण आकड्याबरोबर गटवार गुण आणि पल्ला देणार का? मुलानं उत्तर कसं शोधलं, कुठे अडला, एकदा दाखवल्यावर किती पटकन उचललं, हे लिहिणार का? शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आधी तपासा, मग थोडं शिकवा, मग पुन्हा तपासा, या पद्धतीनं काम करणारे काही मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यातून आज काय येतं यापेक्षा शिकवल्यावर किती पुढे सरकतो ते दिसतं, आणि शिक्षकाला त्याचाच उपयोग होतो.

या सगळ्यासाठी स्पीच थेरपी अडवून ठेवू नका. चाचणीची तारीख दोन महिन्यांनी मिळाली तरी उपचार उद्या सुरू होऊ शकतात, त्याला बुद्ध्यांक लागत नाही. शाळेलाही तोवर सांगा: सूचना एका वेळी एकच, फळ्यावर चित्र किंवा खूण काढून, आणि उत्तराला थोडा जास्त वेळ. तोंडी उत्तराऐवजी दाखवून, जोडून, काढून उत्तर देण्याची मुभा मागा. महिनाभरानं वर्गशिक्षिकेला विचारा, काय बदललं, आणि ते कागदावर घेऊन मानसशास्त्रज्ञांकडे जा.